जोडीदाराचा शब्द

औरंगाबाद
२० ऑगस्ट १९७८

मल्हारी,

आधी आशीर्वाद लिहायचा असतो, तर तो घे. तू जिवंत हायेस एवढं बन्सीच्या कार्डावरून कळलं. मल्हारी माझ्याकडं मुंबईला आलाय, गोदीत कामाला लावून दिलाय, आक्का फिकीर करू नका, असं त्यानं लिहिलं. फिकीर करू नका म्हणं! तुला स्वतःला दोन ओळी खरडायला काय झालतं रे? राखीच्या दिवशी मी येड्यासारखी दारात बसून होते. भावकीतल्या बाया येता-जाता बघायच्या आणि पुढं जायच्या.

माझं अक्षर बघून हसू नको. कन्नड गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले ते अशा कामाला येईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं हे पत्र नाय.

तू गेल्यावर इथं काय झालं ते तुझ्या कानावर आलंय का नाय, देव जाणे. म्हणून सांगते. मोतीराम गेला. आपल्याच टोळीनं मारला त्याला. संप चालू असताना सकाळी तो एकटा मालधक्क्यावर आला. संपाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी पोती ओढायचे आपले लोखंडी आकडे लिंबाला टांगले होते, त्यातून आपला आकडा काढून घेतला, मालगाडीच्या वाघिणीचं दार उघडलं आणि ज्वारीची पोती खाली घ्यायला लागला. पोरं फितूर, फितूर करत धावून गेली. त्यांनीही लिंबावरचे आकडे ओढले. पुढचं मी लिहीत नाय.

ती ज्वारी कुणाची होती हे तुला ठाऊक हाय आणि मला ठाऊक हाय. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि गावोगाव आगी लागल्या. त्यात मोतीरामच्या गावातली त्याच्या माणसांची वस्ती जळाली. माणसं लेकराबाळांसकट चालत इथं आली. त्यांच्यासाठी मनमाडच्या लोकांनी पिशवी-पिशवी गोळा करून ज्वारी धाडली, ती संपात धक्क्यावर अडकली. व्यापाऱ्याचा एक दाणा नव्हता त्यात. आदल्या दिवशी दुपारी मोतीराम आपल्या दारात उभा होता. तुला म्हणाला, "मल्हारी, उद्या सकाळी तेवढी पोती मी उतरवून घेतो. आमची जळालेली माणसं उपाशी हायेत. संध्याकाळच्या बैठकीत टोळीला सांगून ठेव." मी उंबऱ्यात बसून धक्क्यावरून झाडून आणलेली ज्वारी चाळत होते. तू म्हणालास, "सांगतो." माझ्या कानांनी ऐकलं मी.

धक्क्याची रीत तुला सांगायला नको, तरी लिहिते, कारण सगळं तिथंच अडलंय. टोळीत कुणी स्वतःसाठी बोलत नाय. पोतं पाठीवर असलं की माणसाला मागचं दिसत नाय, म्हणून त्याच्या वतीनं त्याचा जोडीदार बोलतो. पोतं फाटू दे, दाणा कमी भरू दे, कुणाला गावाला जायचं असू दे, मुकादम जोडीदाराला विचारतो. जोडीदार बोलला की बोलणं संपलं. मोतीराम म्हणून तर बैठकीला गेला नाय. त्याचा जोडीदार जाणार होता ना, तू!

त्या संध्याकाळी तू घरी आलाच नाहीस. भाकरी झाकून ठेवली ती तशीच राहिली. मी मनाला समजावते की तू बैठकीला पोचलाच नसशील. दंगलीचे दिवस, वाटेत कुणी अडवलं असंल, घाबरून गाडीत बसला असशील. तसं असंल तर तुझा काही कसूर नाय बाबा. तेवढंच इथं येऊन सांग.

कारण मी सांगून बघितलं. सांडूबाबांपुढं, सगळ्या टोळीपुढं उभी राहिले आणि म्हणलं, मोतीराम फितूर नव्हता, त्यानं निरोप दिला होता. सगळ्यांनी माना खाली घातल्या. सांडूबाबा मुकादम माणूस, एरवी लई तोंडाळ. ते म्हणाले, "बाई, तू झाडणवाली. तुझ्या सांगण्यावर टोळी कशी चालंल? जोडीदाराला येऊ दे. त्याला बोलू दे."

इकडं मोतीरामच्या बायकोच्या, कडूबाईच्या दारावर कुणीतरी कोळशानं 'फितूर' लिहून ठेवलंय. ती पुसती, परत कुणी लिहितं. मेलेल्या हमालाचा कामाचा बिल्ला त्याच्या घरच्या माणसाला मिळतो, फितुराचा मिळत नाय. मी म्हणलं, निदान आमच्यात झाडायला तरी येऊ द्या तिला. तर बायाच पुढं झाल्या, म्हणाल्या, फितुराची बायको आमच्यात नको. दोन लेकरं हायेत तिला. तुझ्या खांद्यावर बसून धक्क्यावर हिंडायची ती लेकरं, आठवतं का?

ये. चार शब्द बोल आणि माघारी जा, मी अडवायची नाय.

बानाबाई


८ सप्टेंबर १९७८

मल्हारी,

बन्सी पोळ्याला आलता. मी त्याला घरात घेऊन पाणी दिलं आणि खोदून खोदून विचारलं. आधी म्हणाला, बरा हाय. मग म्हणाला, बरा नाय. माझं पत्र तू वाचलंस, घडी केलीस आणि गोधडीखाली ठेवलंस. घास तोंडात तसाच धरून मागं वळून बघतोस. गोदीत जोडीचं काम दिलं की नको म्हणतोस. दुसऱ्यानं पोत्याचा कान धरला की तू तुझ्या हातातला सोडून देतोस. एकदा पोतं तुझ्याच पायावर पडलं.

म्हणजे तुलाही दिसतो तो. मला वाटलं मलाच दिसतो.

मी काम सोडलं नाय, सोडून खाऊ काय? संप मोडला. युनियनचे दोन तुकडे झाले, ह्यांचं ऑफिस निराळं, त्यांचं निराळं. व्यापाऱ्यांनी बाहेरून माणसं आणली, आपले गुपचूप जाऊन कामाला लागले. युनियननं सगळ्यांचा मिळून एक माठ ठेवला होता ना? त्याच्या शेजारी दुसरा माठ आलाय. तो तू असतानाच आलता. कुणी आणला हे कुणी विचारत नाय, पाणी मात्र सगळे कुठला माठ कुणाचा ते बघून-बघून पितात.

पोत्याची खोळ डोक्यावर घेतली की मागून सगळे हमाल सारखेच. वाघिणीतून फळीवर एक जण चालत येतो आणि माझा झाडू थांबतो. वाटतं, मोतीरामच हाय, आता वळंल आणि म्हणंल, "बानाक्का, बाजूला हो गं, पाय सापडंल तुझा." वळतो तर कुणी तिसराच असतो, मला म्हणतो, ए बाई, हट. रोजचं हाय हे. परवा तर एकाच्या मागं मी फळीपर्यंत गेले. बाया हसल्या. हसू दे, पण मोतीराम पडला त्या वाघिणीच्या दारापाशी एकटी कुणी झाडायला जात नाय. मलाच धाडतात.

आणि त्या सकाळी सांडलेली ती ज्वारी. पोलीस पंचनामा करून गेले आणि मुकादमानं मला झाडायला लावलं. धक्क्यावर सांडलेला दाणा झाडणवालीचा, एरवी एका ओंजळीसाठी आम्ही एकमेकींच्या झिंज्या धरतो. त्या दिवशी एका बाईनं पदर पुढं केला नाय. मी एकटीनं गोळा केली, घरी आणली, धुतली, उन्हात घातली, पाखडली आणि कडूबाईकडं नेऊन दिली. म्हणलं, ही तुमच्या माणसांची. तिनं आत हात घातला, दाणे हातावर घेऊन बघत राहिली. मग मला विचारती, "लई धुतलीस का गं?" मी म्हणलं, "लई." तेव्हा ती रडली. तोवर रडली नव्हती.

फौजदार परत आलता. तुझा भाऊ कुठं हाय, विचारू राहिला. मारणारांत तू नव्हतास हे त्यालाही ठाऊक हाय, पण टोळीतला एकही माणूस तोंड उघडत नाय, म्हणून त्याला तू पाहिजेस. मी म्हणलं, मला ठाऊक नाय. कडूबाई तिथंच उभी होती. मला ठाऊक हाय, हे तिला ठाऊक होतं. तिनं मला उघडं पाडलं नाय.

मल्हारी, मी तुला आईविना वाढवला. कन्नडच्या घाटाखाली मेंढरं वळताना तुला पाठीशी बांधून हिंडले. माझं कुंकू गेलं तेव्हा तू एवढासा होतास, तुला घेऊन ह्या शहरात आले. चिकलठाण्याच्या कारखान्यात लाग म्हणलं, तर तुला धक्काच पाहिजे होता. तुझ्या पाठीला पहिलं पोतं मोतीरामनं लावलं. "पोरा, कंबर वाकव, मान वाकवू नको," असं ओरडायचा तुझ्यावर. जात विचारली नाय, काम शिकवलं. त्याच्यासाठी एवढं करवत नाय तुला?

सांडूबाबांची नजर मला कळत नाय. मी धक्क्यावर दिसले की ते तोंड फिरवतात. एवढं काय मी त्यांचं खाल्लंय?

बानाबाई


१४ ऑक्टोबर १९७८

मल्हारी,

आता मला कळलं सांडूबाबा तोंड का फिरवायचे.

खंडेनवमीला टोळीचे आकडे पूजेला मांडले. दोन पोती अंथरली, आकडे घासून-पुसून लख्ख केले. जोडीनं मांडायची रीत. मोतीरामचा आकडा पोलिसांकडं, तुझा तू जाताना लिंबावरून काढून नेलेला, तर दोघांच्या जागेला पोतं उघडंच. मांडताना पोरांनी ती जागा सोडली, कुणी सरकवून भरून काढली नाय. सांडूबाबा हळद-कुंकू लावत-लावत तिथवर आले. हात तसाच धरून राहिले. मग पोत्याशेजारी खाली बसले. मी झाडू टाकून पाणी घेऊन गेले तर माझा हात धरला म्हाताऱ्यानं.

म्हणाले, "बानाबाई, तुझा भाऊ आलता बैठकीला."

मी म्हणलं, "काय?"

"आलता. उभा राहून बोलला. मोतीराम उद्या माल उतरवणार हाय, म्हणाला. आम्ही विचारलं, कुणाचा माल? तर म्हणाला, ते मला ठाऊक नाय. मी परत विचारलं, मल्हारी, नीट सांग, का उतरवतो? म्हणाला, ठाऊक नाय. जोडीदारच ठाऊक नाय म्हणला, मग आम्ही विचारायचं कुणाला? मोतीरामला विचारायची रीत नाय. पोरं सकाळी गेली ती तुझ्या भावाच्या शब्दावर गेली."

गुरव बोलावला होता, तो घंटा वाजवत होता.

अर्धंच सांगितलंस. मोतीरामनं सांगितलेलं अर्धं सांगितलंस आणि अर्धं गिळलंस! आणि मी इथं बसून तुला घाबरट ठरवू राहिले, वाटेत कुणी अडवलं असंल म्हणू राहिले. मेल्या, तुला काही सुद्धा अडवलं नव्हतं. तू बैठकीतून उठलास आणि सरळ स्टेशनात जाऊन गाडीत बसलास. पोरं धक्क्यावर धावली तेव्हा तू मनमाडला गाडी बदलत असशील. काही व्हायच्या आधी पळणारा माणूस काय होणार हाय ते ओळखून पळतो.

का केलंस, ह्याचा मी लई विचार केला. त्या आठवड्यात भावकीतली पोरं तुला चिडवायची, मोतीरामचा शेपूट म्हणायची, त्यांचं नाव लागलं विद्यापीठाला, आता तुझंही बदलून घे म्हणायची. नवा माठ आला त्या दिवशी तू त्यातलं पाणी प्यालास. मी बघितलं. मोतीरामनंही बघितलं, आणि तो नुसता हसला. तुला त्या हसण्याचा राग आला असंल. राग आला तर भांडायचं होतंस की! दारात आलता तो, तिथंच दोन शिव्या द्यायच्या होत्या. तो दोन देऊन गेला असता आणि उद्या परत पोत्याचा कान धरायला आला असता.

मला अजून वाटतं, तुला त्याला मारायचं नव्हतं. दोन दणके बसतील, जिरंल जरा, असं मनात असंल. हे मी तुझ्यासाठी म्हणते का माझ्यासाठी, मला कळत नाय. रोज तुझ्या बाजूनं मीच बोलते आणि रोज मीच गप्प बसते. तो तिकडं फळीवर चालत असतो. आता तो वळला तर त्याला काय सांगू? माझ्या भावानं तुझा निरोप दिला म्हणून सांगू?

सांडूबाबा म्हणतात, मल्हारी आला, टोळीपुढं सगळं बोलला, तर टोळी मानंल. मोतीरामवरचा डाग जाईल, बिल्ला कडूबाईला मिळंल, ती झाडायला येईल. पोरांचं काय व्हायचं ते पोलीस बघतील. पण ते स्वतः ठाण्यात जायला तयार नायत. मी इतकं विनवलं. म्हणाले, माझी दोन पोरं होती त्यात.

तू ये. आपल्या पायानं ये. भाऊबीजेपर्यंत मी कुणाजवळ काही बोलणार नाय. ओवाळीन तुला, जेवू घालीन, मग तू आणि मी दोघं धक्क्यावर जाऊ. मी शेजारी उभी राहीन. लोकं थुंकली तर दोघांवर थुंकतील.

कडूबाईला मी अजून सांगितलं नाय. ती मला बानाबाई म्हणून हाक मारती आणि मी काहीतरी काम काढून उठून जाते.

आक्का


५ नोव्हेंबर १९७८

मल्हारी,

ताट केलं होतं, करदोटा आणला होता. दारात बन्सी आला. हातात लुगडं. म्हणाला, "मल्हारीनं भाऊबीज धाडलीय. आणि सांगितलंय, आक्काला म्हणावं, मी तिच्यासाठी मेलो असं समज."

मी लुगडं बन्सीच्या हातात परत दिलं. म्हणलं, मेलेला माणूस भाऊबीज धाडत नाय. मोतीरामच्या बहिणीला विचार, तिला काय आलं.

मग मी बन्सीला ओवाळलं, तो बिचारा उपाशी आलता. जेवू घातलं. आणि तो निघाल्यावर कडूबाईकडं गेले. ती दारावरचा कोळसा पुसू राहिली होती. मी बसले आणि सगळं सांगितलं. दुपारचं दारातलं बोलणं, बैठक, तुझं ठाऊक नाय. सांगताना तिच्याकडं बघवंना, मी चुलीकडं बघत होते. मला वाटलं आता हाकलंल, झिंज्या धरंल, धरू दे. तिनं एवढंच विचारलं, "ह्यात मल्हारी हाय हे त्याला नाय ना कळलं? मरताना?" मी म्हणलं, कसं कळंल, मल्हारी तर तिथं नव्हता. ती म्हणाली, "बरं झालं."

रडू आलं रे मला. तुझ्यासाठी इतके दिवस आलं नव्हतं, त्या दोन शब्दांनी आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. वाटेत ती थांबली, म्हणाली, "बानाबाई, अजून माघारी फिरलीस तरी मी काही म्हणायची नाय. तुझा एकच भाऊ हाय." मी म्हणलं, चल. ठाण्याच्या फाटकापाशी सांडूबाबा उभे होते. मला वाटलं आत येतील. आम्हाला बघितलं, डोक्यावरचा पटका काढला, परत बांधला आणि निघून गेले.

फौजदारानं विचारलं, "कोण लागतो तुझा?" मी म्हणलं, भाऊ. धाकटा. मीच वाढवला. मग बन्सीची खोली सांगितली, चाळ सांगितली, गोदीचं फाटक सांगितलं. मोतीराम दारात उभा राहून काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि तू काय म्हणालास तेही. सांडूबाबांनी तुझं बैठकीतलं बोलणं मला सांगितलं हेही सांगितलं. आता बोलावतील त्यांना, त्यांच्या पोरांना. फौजदार म्हणाला, "बाई, भावाविरुद्ध गवाही द्यावी लागंल. कोर्टात फिरशील." मी म्हणलं, फिरले तर मला धरा.

भावकी गोळा झाली संध्याकाळी. मुंजाबा काका म्हणाले, "परक्या जातीसाठी भावाच्या गळ्यात फास घालतीस? आमच्यात राहायचं नाय मग." त्यांच्या घरची दोन पोरं त्यात हायेत, त्यांचं बरोबरच हाय. माझी भांडी अंगणात आणून ठेवली. फेकली नाय, ठेवली. काकू रडत होती ठेवताना.

फितूर कोण, हे आता धक्क्यावर सगळ्यांना कळलंय. कालपासून कडूबाईच्या दारावर काही लिहिलेलं नाय. माझ्याशी मात्र बाया बोलत नायत. त्या वाघिणीच्या दारापाशी अजून मलाच धाडतात, मी जाते. तो अजून वळत नाय.

पोलीस मुंबईला निघालेत. हे पत्र त्यांच्या आधी पोचंल का नंतर, मला सांगता येत नाय. आधी पोचलं तर तुझ्या हातात थोडा वेळ हाय. पळायचं असंल तर पळशील, मला तुझे पाय ठाऊक हायेत. पण तसा पळालास तर गोदी सोडून दुसरीकडं जाशील, तिथंही कुणीतरी पोत्याचा दुसरा कान धरंल, आणि तू परत सोडून देशील. यायचं असंल तर पोलिसांच्या आधी ये. ठाण्यात नंतर जा. आधी कडूबाईच्या दारात ये आणि त्या दुपारी मोतीरामनं तुला जे सांगितलं होतं ते तिला सगळं सांग. तिनं ते माझ्या तोंडून ऐकलंय, तुझ्या तोंडून ऐकायचंय.

मी तुला मेला समजत नाय. तेवढं सोपं मी तुला करून देणार नाय.

उत्तर द्यायचं असंल तर कडूबाईच्या पत्त्यावर दे. मी आता तिच्याकडंच राहते.

आक्का